रेघ सापडली ती सुखदेवभाऊंना

वंदनाताई, जावईबापू, आणि या पारावर, समोरच्या ओट्यांवर बसलेले तुम्ही सगळे गावकरी.

मला बोला म्हणाले तेव्हा मी आधी नको म्हणालो. जन्मभर वर्गात बोलत आलो, पण असं बोलायची सवय नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

तुम्ही मला 'सुखदेवभाऊचे अकोल्याचे सर' म्हणता. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. डोंगर कसे उभे राहतात, हा माझा विषय. सुखदेवभाऊंचा विषय वांगी, मेथी आणि झेंडू. दहा दिवसांपूर्वी मेथीच्या वाफ्यातच ते बसल्या जागी गेले. मग आमची गाठ पडली कशी?

एका दुपारी ते कॉलेजात आले. धोतर, टोपी, हातात शाळेची दोनशे पानी वही. शिपायानं अडवलं, तर त्याला म्हणाले, "जमिनीचे सर कोनते? त्यायले इचाराचं हाये."

वहीत विहिरी होत्या. तेल्हाऱ्याच्या आसपासच्या कितीतरी गावांतल्या विहिरी! भाऊ लग्नाला गेले की जेवायच्या आधी त्या गावच्या विहिरीचं पाणी मागायचे. चाखायचे आणि घरी येऊन लिहायचे. गोड, मचूळ, खार. विहीर खणताना काय लागलं, तेही विचारून लिहायचे. वरच्या अंगाला, सातपुड्याकडे, काळा दगड. खालच्या अंगाला नुसता गाळ आणि माती. कितीही खणा, दगड लागतच नाही.

मला म्हणाले, "सर, मी नकाशावर ह्या गावायच्या मधून दोरी धरून पाह्यली. दोरीच्या वर दगड, दोरीच्या खाली माती. इतकी सरळ रेघ काहून?"

काहून! मंडळी, माझ्या वर्गात इतकी वर्षं मुलं बसली. इतकं नेमकं 'काहून' मला कोणी विचारलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. फार पूर्वी या सगळ्या मुलखात जमिनीतून तापलेला रस वर आला. तो पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा थर. भाकरीवर भाकरी ठेवावी तसा काळा दगड साचला. पुढे ही जमीन एका रेघेत तडकली. रेघेच्या वरची बाजू उचलली गेली, तो आपला सातपुडा. खालची बाजू खचली आणि त्या खळग्यात पूर्णामाय गाळ भरत बसली. दगड आहे, पण फार खोल गेला आहे.

भाऊंनी वही मिटली. मग म्हणाले, "म्हंजे माह्यं वावर तुटलेल्या जमिनीच्या काठावर हाये."

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही पायी हिंडलो. ते पुढे, मी मागे. दुपारी एखाद्या बांधावर बसायचं, भाऊंच्या पत्नी कमलाताईंनी बांधून दिलेली भाकर आणि ठेचा खायचा. मी तसा एकटा माणूस. लग्न केलं नाही, भावंडं दूर. जुन्या शहरातल्या माझ्या दोन खोल्यांत रेडिओशिवाय आवाज नसायचा. त्या दोन हिवाळ्यांत मी जेवढं बोललो, तेवढं आयुष्यात बोललो नाही.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायलाच मी आलो आहे. वंदनाताई, तुम्ही भाऊंच्या लेक, पण तुम्हीही हे पहिल्यांदाच ऐकत असाल.

मी त्या रेघेवर लेख लिहिला. इंग्रजीत छापून आला. कौतुक झालं. बढतीच्या वेळी त्याचा उपयोग झाला. भाऊंना कळलं, तसे ते पेढे घेऊन अकोल्याला आले. म्हणाले, "वाचून दाखवा. आपल्या बोलीत."

मी वाचत गेलो, मराठी करत गेलो. वाचता वाचता एक वाक्य आलं: 'विहिरींची माहिती स्थानिक लोकांकडून मिळाली.' भाऊंनी हात वर केला.

"हे लोक म्हंजे मीच न, सर?"

"हो."

"पन मी तं एकटाच होतो. लोक कुठी होते?"

रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं. मंडळी, मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं!

पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून ते शेवटच्या गाडीनं गावी गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही. त्यानंतर आणखी लेख लिहिले. नाव घालता आलं असतं. एक ओळ पुरली असती. शिकलेल्या लोकांत हसं होईल, वहीतल्या चवीवरून शास्त्र मांडलं म्हणतील, या भीतीनं मी ती ओळ लिहिली नाही. म्हणून आज तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो. ती रेघ या भागात पायाखाली घालून, पाणी चाखून, गावोगाव शोधली ती सुखदेव तुळशीराम यांनी. याच गावच्या माणसानं. मी फक्त तिचं इंग्रजी केलं.

भाऊ पेढे घेऊन आले, त्याच्या पुढच्या वर्षी कमलाताई वारल्या. वंदनाताई नांदगाव खंडेश्वरला, सासरी. भाऊंनी घरात चूल पेटवणं सोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, चला, तुम्हाला हिमालय दाखवतो. माफी मागायची होती, पण ते तोंडानं जमलं नाही. तिकीट काढणं जमलं.

स्पितीच्या खोऱ्यात एका उतारावर आम्ही दम खात बसलो होतो. झाड नाही, माणूस नाही, नुसता वारा. भाऊंनी पायाजवळचा काळा दगड उचलला. त्यात गुंडाळलेला शंख.

"सर, हा तं पान्यातला जीव हाये. इतक्या वर कसा आला?"

मी सांगितलं. इथे समुद्र होता. आपली जमीन दक्षिणेकडून सरकत सरकत आली, पलीकडच्या जमिनीला भिडली. मधल्या समुद्राचा तळ दाबला गेला, दुमडला आणि वर चढला. आपला सातपुडा तडकून उचलला गेला, हा रेटून उभा राहिला.

"अजून रेटून राहिली काय आपली जमीन?"

"अजून. थांबलेली नाही."

"मंग त्याचा धक्का आपल्याकडं येत असंन."

"येतो. आपल्या रेघेवरही तो ताण आहे."

त्यांनी दगड पुसला. दोन्ही हातांत धरून पाहिला. मग जिथून उचलला होता, तिथेच ठेवून दिला.

"नेत नाही का?" मी विचारलं.

"घरी कोनाले दाखवू?"

एवढंच म्हणाले आणि डोंगराकडे तोंड करून बसले. मी त्यांच्या शेजारी होतो, तरी ते एकटे होते. मीही एकटाच होतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं की भाऊ, माझं चुकलं. वाऱ्याचं निमित्त करून मी मफलर तोंडावर ओढला.

मागच्या महिन्यात डोळे दाखवायला अकोल्याला आले, तेव्हा माझ्याकडेच उतरले. जेवताना विचारलं, "आपला सातपुडा अजून वर चढून राहिला काय?"

मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही, भाऊ."

"म्हंजे तुमालेबी माईत नाही?" आणि असे हसले की हातातला घास खाली पडला. "मंग बसून काहून राहिले? चाला न पाहाले!"

थंडी पडली की निघू, असं ठरलं होतं.

आज सकाळी मी तुमच्या फाट्यावर उतरलो. इतकी वर्षं येतो, पण दर वेळी भाऊ तिथे उभे असायचे. माझी पिशवी घ्यायचे, पुढे चालायचे, मी बोलत बोलत मागे. आज फाट्यावर कोणी नव्हतं. आणि माझ्या लक्षात आलं की मला त्यांच्या घराचा रस्ता माहीत नाही. कधी पाहून ठेवलाच नाही.

चहाच्या टपरीवर एक बाई होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सुखदेवभाऊ? थे तं गेले, बाबा."

मी म्हटलं, "माहीत आहे, बाई. तरी तिकडेच जायचं आहे."

टपरी तशीच उघडी टाकून त्या मला घरापर्यंत सोडायला आल्या. त्या पुढे, मी मागे.

आता भाऊंना श्रद्धांजली वाहू. ज्यांना उठता येतं त्यांनी उठा, म्हाताऱ्यांनी बसूनच राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

भाऊ, माझा नमस्कार घ्या.