जोडलेली बोटं

न्हाई वो विहीणबाई, भिताडाकडं किती बघताय — दौंडपासनं यष्टीत हादरत आलात, पाणी तरी घ्या. ते चित्र व्हय? आमच्या नकुशीनं काढलंय, कॉलेजातल्या नव्या सरांनी शिकवलं. कणा असलेल्या जनावरांचं. मी चौथी शिकलेली, पर मलाबी वाचाया येतं. मासा, बेडूक, सरडा, कोंबडी, गाय — समदी वर वळीनं हुबी. पर शेजारी हुबं म्हंजी जवळचं, असं न्हाई बरं का! नातं बघायचं तर दोघांवर बोट ठिवायचं आन् फांदीवरनं खाली यायचं, दोन्ही फांद्या मिळत्यात त्या फाट्यापतुर. हितं खूण हाय बघा — चार पाय. बेडकापासनं गाईपतुर समद्यांस्नी ते हितनंच आलं — कोंबडीचे पंख म्हंजी म्होरचे पायच.

आता आमच्या पोरीचंच घ्या — पायाची दोन बोटं जोडलेली. मी झाकून ठिवणारी न्हाई, लग्नाआधीच सांगते. माझ्या सासऱ्यांची तशीच व्हती, तिच्या बापाचीबी. चित्राशेजारी फोटू आमच्या मालकांचाच. दौंडला कोळशाच्या इंजनावर व्हते, तिथं समदे नुसतं डायवर म्हणायचे, नाव कुणाला ठावं! घरी यायचे कवातरी. गेले आता. पोरीला पोरगा पसंत हाय बरं का — तुम्ही धाडलेला फोटू उशाखाली ठिवती. आन् गुणी दिसतोय चांगदेव, बूट भाईर काढून पाय धुतोय —

त्याच्या पायाला काय झालंय?

भाजलं व्हय लहानपणी? न्हाई? जन्माचंच? मग तुमच्या मालकांचे पाय तसले व्हते का? — खाली काय बघताय, माझ्याकडं बघा. आन् मघाधरनं तुम्ही चित्र बघतच नव्हता. शेजारचा फोटू बघत व्हता.

थांबा. थांबा जरा. वटवाघळाला पंख हायेत, पाखरालाबी हायेत — तरी पंख एका फाट्यावरनं न्हाई आले, दोघांचे येगयेगळे आले, नकुशीच म्हणती. तसंबी व्हतं की. तसं म्हणा ना, भामाबाई! येगयेगळं आलं म्हणा. आईची आण घेऊन म्हणा — मी मानते, आत्ता साखर वाटते!

...रडू नका. तोंडाला पदर लावा, पोरगी आत हाय. तुम्हाला काय ठावं, कुणाच्या दारात येताय ते. मी सांगीन तिला, मलाच पोरगा आवडला न्हाई. जल्मभर बोलली न्हाई माझ्याशी तरी चालंल.

उठा आता. पर आधी पोराला बूट घालाया लावा. च्या घेऊन येतीय ती — आन् हे चित्र तिला माझ्यापरीस चांगलं वाचता येतंय.