भरीव अंगठी

आमच्या अण्णांपुढे शब्द जपून वापरावा लागतो. अण्णा म्हणजे माझे वडील, मराठीचे मास्तर होते. अजूनही जो शब्द कानावर पडेल त्याचं मूळ सांगतात. परवा त्यांच्या बोटाला गांधीलमाशी चावली आणि लग्नातली अंगठी रुतून बसली. तेल, साबण सगळं झालं. बोट काळंनिळं पडायला लागलं, तेव्हा मी त्यांना आणि आईला घेऊन शेवगावात सोनाराकडे गेलो.

‘लई सुजलंय हो गुरुजी,’ सोनार म्हणाला.

झालं, अण्णा सुरू झाले. ‘सूज आणि शून्य एकाच मुळातून आलेत. संस्कृतात श्वि म्हणजे फुगणं. फुगलेलं आतून पोकळ असतं, म्हणून शून्य.’

‘ते ऱ्हाऊ द्या, हात धरा नीट,’ आई म्हणाली. ‘आन् भाऊ, जपून कापा. माझ्या वडलांनी भरीव घातलीय.’

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

सोनारानं अंगठी कापली, भिंगातून पाहिली आणि अण्णांपुढे ठेवली. वर सोन्याचा पातळ पत्रा होता, आत सगळी लाख.

अण्णांनी आईकडे बघून तोंड उघडलं.

‘शब्दाचं मूळ काढलं तेवढं बास,’ आई म्हणाली. ‘आता माझा बाप काढू नका.’