सहा डोक्यांचा जावई

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिची धाकटी बहीण धापा टाकत आली.

“भावोजींच्या डोळ्याला झालं तरी काय, ताई?”

“मिटलाय, उघडतच नाही. माणसांची चित्रं काढायला शिकतायत ना! हात लांब करून पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्याला मोजायचं. अख्खा माणूस म्हणे स्वतःच्या डोक्याच्या साडेसातपट उंच असतो.”

“आणि नसला तर?”

“तिथेच तर घोडं अडलं. आमच्या धाकट्या लेकीने पसंत केलेला मुलगा घरी आला. ह्यांनी त्याला दारातच मोजला. सहाच डोकी भरली.”

“अगंबाई! मग?”

“म्हणाले, हा प्रमाणात नाही. असा जावई मला काढता येणार नाही.”

“धाकटी चिडली असेल.”

“चिडतेय कसली! त्याला धरून न्हाव्याकडे नेलं आणि चकोट करून आणलं. डोकं लहान झालं, तसा तो सातापर्यंत गेला. आता लग्न ठरलंय.”

“आणि तुला नाही मोजलं?”

“रोज संध्याकाळी खिडकीपाशी तासभर उभी करतात. हिशेब चुकला की पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि तू उभी राहतेस?”

“परवा विचारत होते, हनुवटीवर हा तीळ कधी आला? दोन्ही डोळे उघडे होते तेव्हा पस्तीस वर्षं दिसला नव्हता.”

“बरं, डॉक्टर काय म्हणाले?”

“थेंब घातले की दोन दिवसांत डोळा उघडेल म्हणाले. मी विचारलं, जरा सावकाश उघडणारे थेंब नाहीत का?”