बाराच्या आत

— आता ते नाव खोडू नका ना, ताई. कस्तुराबाईंचं म्हणते मी. माझ्या सासूबाई. इथंच राहतात की — म्हणजे सध्या गावाला गेल्यात, कंधारला, लेकीकडं. येतील चार दिवसांत. त्यांच्या नावची पिशवी माझ्याकडं द्या, मी सही करते. अंगठा न्हाई, सही. देगलूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी, मग लग्न झालं. बसा की. त्या दगडावर नका, तापलाय, इकडं पोत्यावर बसा. शिरूरपासून चालत आलात? मग पाणी घ्या आधी. घ्या हो, टँकर नुकताच येऊन गेला, आज आम्ही श्रीमंत. दुष्काळात धान्य वाटत फिरणाऱ्या माणसाला पाणी न्हाई म्हणावं का कुणी?

फोटो? पिशवी हातात धरून? ह्या वेळेपासून लागतो का. बरं. मग फोटो हाय की माझ्याजवळ — विहारातला, शाल पांघरलेला, लई चांगला आलाय. जुना चालत असंल तर — न्हाई, तुम्ही आत वाकून बघू नका ताई, आत पसारा —

बघितला का.

हाव. हार हाय त्याला. महिना झाला.

खोटं बोलले. मला येत न्हाई खरं तर खोटं बोलायला, सरावच न्हाई, मी बोलतेच कमी. पण तुमच्या यादीत आमच्या घरचं तेवढंच एक नाव. कसं ते सांगते, उठू नका. पाऊस उघडला आणि सोयाबीन जळालं तेव्हा तुमच्या संस्थेचे ते टोपीवाले सर आले होते ना, पहिली यादी करायला? त्यांचा नियम असा — माणूस कार्डावर पायजे आणि घरातही पायजे. आमचे हे कार्डावर हायत, पण बांधकामावर, हैदराबादला. मी घरात हाय, पण कार्डावर न्हाई. माहेरच्या कार्डावरनं बापानं लग्नाच्या आठवड्यातच नाव कमी केलं, आणि इथल्या कार्डावर चढायचं तर तिथला दाखला लागतो. वरात पोचली, दाखला मागं राहिला. दोन्हीकडं असणाऱ्या एकट्या आत्याबाई — सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायची. सर म्हणाले, मावशी, तुमच्या घरात एकच माणूस धरता येतं. तर आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, “बरं हाय की सायेब. मग एकच माणूस खाईल.” मला वाटलं चेष्टा. सरांनाही वाटली, तेही हसले. मी तर नवी नवरी, पदर तोंडाला लावून हसले.

त्याच्या आधीच, आषाढ पुनवंला, त्यांनी अष्टशील धरलं होतं. तुमच्यात नसंल ना हे? आमच्या बौद्धांत वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, धरतात — आठ शीलं पाळायची, त्यातलं एक म्हणजे दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं न्हाई. बाकीच्या बाया पुनवंपुरतं धरतात, लई झालं तर अमावास्या. आत्याबाईंनी रोजचं धरलं. तीन महिने, रोज. वस्तीत केवढं कौतुक! आणि टोमणे तर विचारू नका. शेजारची धम्मप्रिया नळावर — नळाला पाणी न्हाई, पण बसायला नळावरच बसतात — सगळ्यांसमोर म्हणाली, “सून आल्याबरोबर शील सुचलं का गं कस्तुरा? सुनेच्या हातची भाकर घशाखाली उतरंना वाटतं!” सगळ्या खो खो. मी त्या दिवसापासून भाकर पातळ थापायला शिकले. खरंच. मला वाटायचं, भाकर सुधारली की ह्या खातील.

सकाळी मी टँकरच्या रांगेत. दहाला जायचं, बाराला घागर घेऊन परत. आले की म्हणायच्या, “मी जेवले गं, बाराच्या आत. तुझं झाकून ठेवलंय, खाऊन घे.” टोपल्यात दोन भाकरी, कधी दीड. ओट्यावर त्यांचं ताट धुऊन उपडं घातलेलं. रात्रीचा प्रश्नच न्हाई, रात्री शील. रात्री मी एकटी खायची आणि त्या समोर बसून गप्पा मारायच्या — ह्यांच्या लहानपणीच्या, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पत्र्याच्या शेडात एका पातेल्यात सगळ्या गावाचं कसं शिजायचं त्याच्या. खाण्याच्याच गप्पा सगळ्या. आत्ता ध्यानात येतंय बघा.

आश्विन पुनवंला वर्षावास संपला. भंतेजी आले, विहारात सत्कार झाला. ती शाल तेव्हाची. फोटो मीच काढला, ह्यांना पाठवला, खाली लिहिलं — आई किती तेजस्वी दिसतात. तेज कसलं ताई, गालाची हाडं होती ती, उजेड पडला त्याच्यावर.

आणि मग सगळ्यांनी सोडलं, त्यांनी सोडलं न्हाई. म्हणाल्या, अंगवळणी पडलं आता, हलकं वाटून राहिलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माघात एक दिवस विहारात वंदना झाली, सगळे उठले, ह्या उठल्याच न्हाईत. डॉक्टरांनी विचारलं, काय खात होत्या? तर मी काय सांगावं? “अष्टशील पाळतात.” ताठ मानेनं सांगितलं. ते म्हणाले, अंगात रक्तच न्हाई, बाई.

मला कसं कळावं, न्हाई का? असंच म्हणतात सगळे. पोरगी नवी, शिकलेली असली म्हणून काय झालं, तिला कसं कळावं.

...

मला ठाऊक होतं, ताई.

आधी न्हाई. पण दिवाळीच्या आधी कळलं. ते धुतलेलं ताट — आमच्याकडं धुतलेलं पाणी सांडत न्हाईत, एका घमेल्यात धरतात, त्यात शीत असतं, भाकरीचा कण असतो, मग ते शेळीला. मी घमेलं उचललं तर पाणी नितळ. तळ दिसत होता. दुसऱ्या दिवशी बघितलं, तसंच. तिसऱ्या दिवशी मी बघितलंच न्हाई. शेळीपुढं ओतलं आणि आत येऊन बसले. टोपल्यात दीड भाकर होती. अर्धी ठेवावी, म्हणावं आत्याबाई, तुम्ही जेवल्या न्हाईत, या, दोघी बसू — तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं असतं तर त्या जेवल्या असत्या ना. दीडाची पाऊण झाली असती. मला भूक लागली होती. एकवीस वर्षांच्या माणसाला लई भूक लागते, ताई, घर नवं असलं की तर जास्तच लागते, का कुणास ठाऊक. मी खाल्ली. सगळी. त्या दिवशी आणि नंतर माघापर्यंत रोज. आणि रोज विचारायची, “जेवल्या ना?” त्या म्हणायच्या, “हाव, बाराच्या आत.” दोघी कशा गुण्यागोविंदानं राहत होतो बघा. धम्मप्रिया तर म्हणायची, अशा सासू-सुना जिल्ह्यात न्हाईत.

ह्यांना न्हाई सांगितलं. फोनवर विचारतात, आई शेवटी काही बोलली का? मी म्हणते, न्हाई. तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं, आणि तुमचं नाव पण विचारलं न्हाई मी.

काय म्हणता? ह्या वेळी राहू देता त्यांचंच नाव? फोटोचं तुम्ही बघून घेता, वर कुणी तपासत न्हाई?

मगाशी त्याच्यासाठीच खोटं बोलले मी. तुम्ही लई चांगल्या हायत. पण न्हाई. खोडा. माझ्यासमोर खोडा, मला बघू द्या. माझं नाव खाली वेगळ्या ओळीत घालता येत असंल तर घाला — न्हाई ना येत, दाखल्याशिवाय? तेच म्हणते. मग राहू द्या. त्यांच्या नावचं मी लई खाल्लंय, आता ते उतरणार न्हाई.

उचला ती पिशवी. उचला, ताई, दारात ठेवू नका, मी आत घेईन. घेईनच, मी कशी हाय ते मला माहीत हाय ना.

आता मी काय खाणार ते विचारून राहिल्या? विचारू नका. विचारायचं असतं तेव्हा विचारावं माणसानं — तुम्हाला न्हाई, स्वतःलाच बोलले. जावा. दार लोटते मी.