मलीहाची वाट

प्रमिला : आणि फिझा कुठे बसली होती?

संजना : कुठे म्हणजे? गाडीत.

प्रमिला : पुढे?

संजना : मग काय डिकीत बसवू तिला? प्रमिला, तुला फोटो दाखवायला मी ट्रॅफिकमधून अजमानपर्यंत आलेय. बघ तरी.

प्रमिला : बघते. आधी चहा घे, गार होतोय.

संजना : ही बघ, आपली वाट! रोमन माल समुद्रावर उतरायचा, उंटांवर लादून आत वाळवंटातल्या मलीहाला जायचा, तो ह्याच वाटेने असणार. बाजूला सारलेले दगड अजून दिसतात गं.

प्रमिला : ‘आपली’ म्हणू नकोस. सॅटेलाइटच्या फोटोत डोळे फोडून ती रेघ मी शोधली, ह्याच टेबलावर. आणि पहिलं पाऊल कुणाचं? फिझाचं.

संजना : तुला विचारलं होतं. तुझ्या सिद्धांतला ताप होता.

प्रमिला : ताप उतरतो. दोन हजार वर्षं थांबलेली वाट आणखी एक शनिवार थांबली नसती?

संजना : वाट थांबली असती, ऊन थांबत नाही. आता सीझन खलास होत आला. ऑफिसात फिझाला सहज बोलले, तर ती लगेच ‘यल्ला, चल’ म्हणाली.

प्रमिला : गोडच आहे ती. खायलाही आणलं असेल.

संजना : ...खजुराचा केक.

प्रमिला : माझी थालीपिठं तुला कोरडी लागतात, नाही का.

संजना : अगं, जळतेस की काय!

प्रमिला : जळतेय. स्पष्ट सांगते. शनिवारपासून घास गोड लागला नाही मला.

(संजना फोन तिच्यापुढे सरकवते.)

संजना : मग ऐक आणि खूश हो. त्या काळ्या टेकडीपाशी वाट हरवली. खूप शोधली, शेवटी तशाच परत आलो.

प्रमिला : बरं झालं!

संजना : झालं समाधान? आता सांग, कुठे चुकलो?

प्रमिला : दाखव. ह्या दोन रेघांमागे गेलात? जोडीने चालल्यात त्या?

संजना : हो.

प्रमिला : ही चाकं आहेत, बाई. जीपवाल्यांची. लादलेला उंट एवढा चढ कशाला चढेल? तो टेकडीला वळसा घालणार. कुठून, ते मला ठाऊक आहे.

संजना : कुठून?

प्रमिला : सांगणार नाही. दाखवीन. ह्या शनिवारी उजाडायच्या आत निघू, म्हणजे ऊन चढेपर्यंत परत.

संजना : आणि फिझा? ती रोज विचारतेय.

प्रमिला : येऊ दे की. केकही आणू दे.

संजना : खरंच?

प्रमिला : हो गं. फक्त तिला मागे बसव.