आजीची दुसरी पाळी

नारोक गावच्या दवाखान्यात, रिवाजाप्रमाणे लहानपणी भोक पाडून लांबवलेली कानाची पाळी शिवून घ्यायला सेलेना बसली होती. शेजारी नोलारी नावाची म्हातारी सुईण होती. तिची एक पाळी खांद्यापर्यंत लोंबत होती, दुसरी तुटली होती. समोरची बाई तिला विचारत होती.

"कशानं तुटली हो आजी?"

"बाळंतिणीनं ओढली. कळ आली अन् पाळीच तिच्या मुठीत सापडली."

"मग सोडवून नाही घेतली?"

"कशी घेणार? बाळाचं डोकं माझ्या हातात होतं!"

"अगं बाई! अन् बाळ?"

"धडधाकट. माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलं."

आतून सेलेनाला हाक आली.

"आधी आजींना घ्या," सेलेना म्हणाली.

"आजी, दोन्ही पाळ्या शिवून टाका की आजच!" समोरची बाई म्हणाली.

"नको गं. धाकट्या सुनेचे दिवस भरत आलेत. तिला धरायला काहीतरी नको का?"