रेवती कोन?

(देऊळघाट. भाऊरावाची तेरवी काल झाली. ओसरीवर त्याची आई सत्यभामाबाई, बायको कोकिळा आणि बुलढाण्यात सायकलचं दुकान चालवणारा त्याचा मित्र इंद्रभान. कोकिळेला न्यायला धामणगाव बढ्याहून आलेला तिचा भाऊ उत्तम अंगणापलीकडे कडुनिंबाखाली बसला आहे.)

कोकिळा : चहा मंग घ्या भाऊजी. पहिले मले सांगा. रेवती कोन?

इंद्रभान : रेवती?

सत्यभामाबाई : सांगून टाक बाप्पा. आता झाकून काय फायदा? ज्याचं झाकाचं तो तं गेला. सारं गाव बोलून राह्यलं. ते बुलढान्यातली हाये का दुसऱ्या कोन्त्या गावची, एवढं सांग.

इंद्रभान : मावशी, हे नाव तुमाले कोनं सांगतलं?

कोकिळा : त्यायनंच. तापात. शेवटी शेवटी दुसरं नाव नव्हतं तोंडात. "रेवती, रेवती." पाहाले आलेल्या बायायनं आयकलं. माह्या दादानं आयकलं. तो तिकडं बसेल हाये, माह्यं गाठोडं बांधून. दुपारच्या गाडीनं नेतो म्हनते. असल्या घरात ठेवत नाही म्हनते.

इंद्रभान : अरे देवा.

कोकिळा : म्हंजे ठाऊक हाये तुमाले.

इंद्रभान : ठाऊक हाये. पन वयनी, रेवती बाई नाही. रेवती यान हाये.

सत्यभामाबाई : यान? असं आडनाव नाही आयकलं कधी.

इंद्रभान : आडनाव नाही मावशी. यान म्हंजे आभाळात जाते ते. गाडी समजा. चंद्राकडं जाते, मंगळाकडं जाते.

कोकिळा : भाऊजी, मी चौथी शिकेल हाये. येडी नाही.

इंद्रभान : येडी कोन म्हनते तुमाले? कसम घ्या माह्याकडून. एक मासिक येये, त्याच्यात एक गोष्ट छापून येये. दर महिन्याले थोडी थोडी. सात मानसं रेवतीत बसून निंघतात, शनीच्या पलीकडं काय हाये ते पाहाले. कप्तान शौनक त्यायचा म्होरक्या. आमी लायब्ररीत त्या मासिकाच्या वाटेकडं डोळे लावून बसो. पोस्टातून उशिरा आलं तं भाऊराव जेवत नसे. मंग तेच रेडिओवर सुरू झालं. दर गुरुवारी, दिवे लागल्यावर.

कोकिळा : गुरुवारी.

इंद्रभान : हाव. स्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओ होता. भाजी विकली का भाऊराव माह्या दुकानावर टोपली ठेवे, अन् आमी पाच-सहा जन तिथी जाऊन बसो. एक मास्तर, एक शिंपी, कचेरीतला एक शिपाई. हॉटेलवाला आमाले 'आभाळवाले' म्हने. 'आले बे आभाळवाले, बाकडं रिकामं करा.'

कोकिळा : अन् मी इथी भाकर झाकून बसो. इचारलं तं म्हनत, गिऱ्हाईक उशिरा आलं. अंधार पडल्यावर वांग्याले कोन्तं गिऱ्हाईक येते? मी समजून चुकलती. तवापासूनच समजून चुकलती.

सत्यभामाबाई : मले बी नाही सांगतलं लेकानं. मी त्याची माय. गोष्ट आयकतो म्हनला असता तं मी काय मारलं असतं त्याले?

इंद्रभान : लाजे तो मावशी. एवढा बाप्या मानूस, शेतीवाडीचा, अन् लेकरासारखा गोष्टीच्या मागं. मी म्हनलं होतं त्याले एक डाव, वयनीले घेऊन ये रेडिओ आयकाले. म्हने, हसली तं? मी म्हनलं, हसू दे. तं म्हने, बाकीचे हसले तं चालते इंद्रभान, ते हसली तं मले पुन्हा आयकनं व्हनार नाही.

कोकिळा : मी हसली असती?

इंद्रभान : मले काय मालूम वयनी. त्याले भेव होतं.

सत्यभामाबाई : थांब. मानूस चंद्रावर उतरला म्हने, त्या साली माह्या लेकानं पेढे आनले होते का व? बुलढान्याहून, खोकं भरून?

कोकिळा : आनले होते. साऱ्या आळीले वाटले. कशाचे पेढे म्हनून कोनी इचारलं तं नुसते हसत. बाया माह्या पोटाकडं पाहाले लागल्या. मी आठ दिवस नदीवर धुनं घेऊन गेली नाही, लाजेनं.

इंद्रभान : ते पेढे आमी साऱ्यायनं मिळून आनले होते. मास्तर तं रडला होता त्या दिवशी.

कोकिळा : अन् धाड गावचा सिनेमा? त्याच्यात बी आभाळात जानारी गाडी होती. थो बी याच्यातलाच का?

इंद्रभान : तुमी गेलते त्याले?

कोकिळा : बाजाराच्या दिवशी नेलं होतं मले. तंबूतला सिनेमा. चार दिवसापासून खुशीत होते, मले नवं लुगडं नेसाले लावलं. मले काय, गाने होते, नाच होता, चांगलं वाटलं. अन् हे मधातच उठले. मी इकडं बायायमधी, ते तिकडं मानसायमधी. पाह्यलं तं दिसतच नाही. बाहेर येऊन पाह्यलं तं बैलगाड्यायपाशी अंधारात उभे. डोळे लाल. मले वाटलं, कोनी दिसली असंल गर्दीत. तिच्या मागं गेले असतीन.

इंद्रभान : कोनी नाही दिसली वयनी. सिनेमावाल्यायनं सत्यानाश केल्ता. मुंबईवाले ते. रेवतीचं नाव बी बदलून टाकलं, यान म्हंजे पत्र्याचा डबा, शौनक म्हंजे एक जाडा हिरो, अन् शेवटी यान परत येते अन् त्याचं लगन लागते. असं नव्हतंच मुळात! यान परत येतच नाही. आमी दुसऱ्या दिवशी दुकानावर बसून त्या सिनेमाले इतक्या शिव्या देल्ल्या का गिऱ्हाईक पळून गेलं. भाऊराव नुसता म्हने, 'तिले पहिल्या डाव दाखवाले नेलं, अन् हे दाखवलं.'

कोकिळा : तिले म्हंजे?

इंद्रभान : तुमाले.

सत्यभामाबाई : बाई, डोळे पूस. इंद्रभान, पन मी गावाले काय सांगू? माह्या लेकाची बाई नव्हती, आभाळातली गाडी होती? हासतीन ना लोक तोंडावर.

कोकिळा : गावाले काही सांगू नका आत्याबाई.

सत्यभामाबाई : अवं, पन आता तं तुह्या मनातलं गेलं ना? बाई नव्हती ना कोनी?

कोकिळा : बाई असती तं बरं होतं.

इंद्रभान : वयनी!

कोकिळा : खरं बोलते. बाई असती तं मी तिच्या दारात जाऊन उभी राह्यली असती. भांडली असती. तिचं तोंड तं पाह्यलं असतं, कशी हाये, काळी हाये का गोरी हाये. आता कोनाशी भांडू? माह्या नावानं त्यायनं कधी हाक मारली नाही. 'अवं, आयकलं का' म्हनत. रिवाजच हाये, मी बी त्यायचं नाव कधी घेतलं नाही. पन जातानी मानसाच्या तोंडात एक नाव आलं, अन् ते बी पत्र्याच्या गाडीचं.

इंद्रभान : नुसतंच नाव घेये का तो? का अजून काही बोले?

कोकिळा : काऊन इचारता?

इंद्रभान : सांगा तं.

कोकिळा : एकच. पुन्हा पुन्हा एकच. "रेवती, आयकू येते का? रेवती, उत्तर दे." आवाज बी त्यायचा नाही वाटे. जसा कोनी लय दूरच्या मानसाले बोलावते. हात असा कानापाशी धरत.

सत्यभामाबाई : काऊन रे? काऊन रडून राह्यला? इंद्रभान? पानी दे व त्याले.

इंद्रभान : नको मावशी. हे शेवटचं हाये. गोष्टीचं शेवटचं. खाली जमिनीवर एक केंद्र हाये, तिथी दिगंबर म्हनून एक म्हातारा बसते. यानाशी बोलाचं काम त्याचं. रेवती शनीच्या पलीकडं जाते अन् तिचा आवाज बंद होते. बाकी सारे उठून घरी जातात. म्हातारा तिथीच. 'रेवती, ऐकू येतं का? रेवती, उत्तर दे.' महिने जातात, सालं जातात, तो बोलावतच राह्यते. तिथी संपते.

कोकिळा : संपते म्हंजे? उत्तर कोन देते?

इंद्रभान : कोनीच नाही. मासिकात पान कोरं सोडलं होतं. रेडिओवर तं म्हाताऱ्याचा आवाज बंद झाल्यावर नुसती खरखर. आमाले वाटलं रेडिओच बिघडला. हॉटेलवाल्यानं थापड मारली रेडिओले. मंग समजलं का खरखर हाच शेवट हाये. वयनी, आमी त्याच्यावर सालभर भांडलो. मास्तर म्हने, सातही मेले. शिंपी म्हने, लेखकाले पुढं सुचलं नाही. भाऊराव एकटा म्हने, जिते हायेत. म्हने, लय दूर गेले ते, आवाज पोचाले येळ लागते. त्याच्यावरून मास्तरशी बोलनं सोडलं होतं त्यानं.

कोकिळा : मी देल्लं.

इंद्रभान : काय?

कोकिळा : उत्तर.

सत्यभामाबाई : काय म्हनते व?

कोकिळा : शेवटच्या दिवशी. दुपार होती. तुमी देवळात अंगारा आनाले गेलत्या आत्याबाई. ते एकसारखे बोलावून राह्यलते. ओठ फुटून गेलते. मले पाहवलं नाही. मी मनात म्हनलं, कोकिळे, असू दे. जे असंल ते असंल. ते काही इथपरेंत येत नाही, अन् हे तिच्याबिगर जात नाहीत. मी त्यायचा हात धरला अन् म्हनलं, "आयकू येते. मी रेवती. आयकू येते मले."

इंद्रभान : मंग?

कोकिळा : डोळे उघडले. माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता ओळखतीन, म्हनतीन, तू कुठली रेवती. तं इचारलं, "सारे हायेत?" मले का ठाऊक कोन सारे. मी म्हनलं, "हाव, सारे हायेत." मंग म्हनले, "बस." अन् माह्या हातावर गाल ठेवून भिताडाकडं तोंड केलं. पुन्हा बोलले नाही. आत्याबाई अंगारा घेऊन आल्या तवा संपलं होतं.

सत्यभामाबाई : इतके दिवस हे सांगतलं नाही मले.

कोकिळा : काय सांगू? तुमच्या लेकाले दुसऱ्या बाईचं नाव घेऊन वाटेले लावलं, हे सांगू? माह्या दादालेही नाही सांगतलं. रात रात जळत पडली मी. वाटे, शेवटी माह्या हातात त्यायचा हात होता, थो बी माह्या नावानं नव्हता.

इंद्रभान : सातही जन, वयनी. तो सातही जनायचं इचारून राह्यला होता.

कोकिळा : तुमाले समजते ते. मले नाही समजत.

इंद्रभान : मले येवढंच समजते का थो वाट पाहत गेला नाही. आमी सारे अजून तिथीच खरखर आयकत बसेल हाओ.

सत्यभामाबाई : माह्या भाऊरावानं समाधानानं डोळे मिटले म्हनता का तुमी? असंच ना? मले तेवढं नीट सांगा. मी तिथी नव्हती.

कोकिळा : हाव आत्याबाई. तोंड शांत होतं. तुमी पाह्यलंच ना.

सत्यभामाबाई : पाह्यलं होतं. मले वाटलं, अंगाऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून थकला असंल.

कोकिळा : लोणारले बी असंच झालं होतं, समजलं नाही तरी मी संग होती. आता ध्यानात येते.

इंद्रभान : लोणारले काय?

कोकिळा : लग्नाच्या साली नेलं होतं मले. कमळजादेवीच्या दर्शनाले. काठावरून पाह्यलं तं केवढा मोठा खड्डा, खाली हिरवं पानी. ते म्हनले, इथी आभाळातून दगड पडेल हाये, लय जुनी गोष्ट हाये म्हनतात. मी म्हनलं, देवीनं पाडला असंल. हसले नाही. म्हनले, असंल बा. मंग माह्या बाजूले बसून राह्यले, ऊन उतरेपरेंत. मधातच म्हनत, "पाह्य, पाह्य तं खरं." मी पाहो. मले पानीच दिसे. पन मी पाह्यलं बराच येळ.

इंद्रभान : लोणारले तुमाले नेलं त्यानं?

कोकिळा : काऊन? नेऊ नये का?

इंद्रभान : तसं नाही. आमचं संग जायाचं ठरेल होतं. सायकलीवर. दर उन्हाळ्यात म्हने, 'जाऊ बे, पुढच्या साली नक्की जाऊ.' मी दोन डाव चाकं तपासून ठेवले होते. तो जाऊन आलता. मले बोललाच नाही.

कोकिळा : तुमाले बी नाही सांगतलं?

इंद्रभान : नाही.

सत्यभामाबाई : उत्तमराव हाका मारून राह्यले. गाडीचा टाइम झाला म्हनतात. जाते का राह्यते बाई? मी अडवत नाही तुले. तुह्यं वय काय, माह्यं वय काय. गेली तरी तुले कोनी नाव ठेवनार नाही.

कोकिळा : दादाले म्हना, जेवून घे. दुपारची गाडी जाऊ दे.

सत्यभामाबाई : अन् उद्याची?

कोकिळा : उद्याचं उद्या. आज तं ताट वाढा त्याले आत्याबाई. अन् भाऊजी, तुमी बसा. ते गोष्ट सांगा मले. सुरुवातीपासून.

इंद्रभान : आता?

कोकिळा : आता. सात जन कोन कोन होते, कुठून निंघाले, कोनाकोनाच्या घरी कोन वाट पाहत होतं. सारं.

इंद्रभान : बरं. सुरुवात असी हाये. 'पहाटेच्या धूसर प्रकाशात रेवती उभी होती, आणि...' आनि... नाही येत वयनी. पाठ होतं ते, पन त्याच्या तोंडून. भाऊराव वाचे अन् आमी आयको. सातही जनायचे आवाज येगयेगळे काढे तो, बाईचा बी. मले तसं कुठी जमते?

कोकिळा : जसं येते तसं सांगा.